पळपुट्या हिरोची वकिली

माझं डोकं सटकतं ते फुकट नावं ठेवणाऱ्यांवर. त्या हिरोसाठी मी भांडले ती एवढ्यासाठीच. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात अजून काही जणांना वाटतं की मी सगळं ठरवून केलं.

मालिका परदेशी, सुपरहिरोची, हिंदी डबिंगमधली. हिरो उडतो, एका हाताने बस उचलतो, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी एका कोसळत्या पुलाजवळ उशिरा पोचतो. माणसं जातात. याला इतकी लाज वाटते की बायकोला न सांगता घर सोडतो. अख्खा तिसरा सीझन साहेब बर्फातल्या कुठल्याशा गावात ट्रक चालवतात. शेवटच्या भागात परत येतात, दार वाजवतात, बायको दार उघडते, आणि हा लगेच शहर वाचवायला उडतो. यावरून आमच्या मरोळच्या ऑफिसात दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, मालिकेची पार वाट लावली, असला भित्रा हिरो कशाला दाखवायचा? दुसऱ्या पार्टीत सगळ्यात मोठा आवाज माझा. अरे, उडता येतं म्हणून माणसाला लाज वाटू नये असं कुठे आहे?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर चुलत भावाने हिरोचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'पळपुटा'. मग काय, मी सुटलेच. चुकला, पळाला, पण परत आला ना? परत आलेल्याला दार उघडायला नको? आपण कोण एवढे धुतल्या तांदळाचे लागून गेलो? असं बरंच लांबलचक लिहिलं. त्यावर घाटकोपरच्या काकांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. काका बातम्यांपलीकडे काही बघत नाहीत, त्यामुळे मला जरा गंमत वाटली.

आता माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. तो कामासाठी नाशिकला जातो म्हणून गेला, तो तिथलाच झाला. आधी फोन यायचे, मग दिवाळीला नुसता मेसेज, मग तोही बंद. मुलुंडच्या घरात उरलो आई, मी आणि वहिनी. वहिनीच्या माहेरच्यांनी बोलावलं होतं, ती गेली नाही. सकाळी पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी, संध्याकाळी आईच्या गुडघ्यांना तेल. दादाचं नाव आमच्याकडे कुणी काढत नाही. काढलंच तर आई म्हणते, "तो विषय नको."

आमचा गणपती दीड दिवसाचा. आरती झाली की गाऱ्हाणं. गावची रीत आहे, मुंबईतही सुटलेली नाही. घरातल्या प्रत्येकाने आपलं मागणं आधी काकांच्या कानात सांगायचं, आणि घरातला थोरला पुरुष म्हणून काकांनी ते देवापुढे मालवणीत मोठ्याने म्हणायचं. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. विचार करायचा नसतो. लहानपणापासून तोंडाला सवय आहे, शिंक यावी तसं ते येतं. वहिनीचं मागणं दरवर्षी एकच, आईचे गुडघे.

काकांनी डोळे मिटले. "बा गणपती म्हाराजा, ह्या घरच्या लेकरांनी जी काय येडीवाकडी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वहिनीच्या गुडघ्यांका बळ दी रे म्हाराजा." काकांची वहिनी म्हणजे आई.

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरातसून जो गेलो, तेका तू बुद्धी दिलंस. उद्या तेचे पाय ह्या उंबऱ्याक लागांदेत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते. समोर वहिनी आरतीचं ताट धरून उभी होती. तिचे ओठ हलले नव्हते. तिने ताट सावकाश खाली ठेवलं.

मी काकांना गॅलरीत ओढलं. "हे काय होतं?"

"तेचो फोन इल्लो," काका म्हणाले. "उद्या विसर्जनाक येतंय म्हणता. कायमचो. मी म्हटलंय, ये."

"वहिनीला विचारलंत?"

"तूच लिवलंस मा, परत येतल्याक दार उघडूक होया म्हणान?"

"अहो काका, ते मालिकेतल्या माणसाबद्दल होतं!"

"म्हायत आसा माका. पण मालिकेतलो काय नि आपलो काय, माणूसच मा तो? तुझा वाचलंय नि माका धीर इलो."

ज्या वकिलीवर मला ऑफिसात टाळ्या मिळाल्या, तिच्या जोरावर काकांनी माझ्या भावाला घरी बोलावलं होतं.

जेवणं झाली, काका घाटकोपरला गेले. मी स्वयंपाकघरात वहिनीच्या शेजारी भांडी पुसत उभी राहिले. शेवटी तीच बोलली.

"तुझ्या त्या हिरोची बायको. तो आल्यावर ती काय म्हणाली गं?"

मी आठवायला लागले. तो भाग मी दोनदा पाहिला होता. दार उघडलं, तिने त्याला मिठी मारली, आणि पुढच्याच दृश्यात हा ढगात. "काही नाही म्हणाली," मी सांगितलं.

"तिला काही बोलायलाच दिलं नाही?"

"नाही."

इतकं भांडले मी त्याच्यासाठी, पण हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला माझाच राग आला आणि तरी मी हट्टाने म्हणाले, "पण तो खरंच वाईट नाहीये गं."

"कोण?" वहिनीने विचारलं. तिने ओटा पुसला आणि आईच्या गुडघ्यांना तेल लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका लवकर आले. दादा स्टेशनवर उतरला की फोन करणार होता. उत्तरपूजा झाली. गणपती उचलायच्या आधी पुन्हा गाऱ्हाणं असतं. काका पुढे झाले, तशी वहिनी म्हणाली, "काका, माझं एक मागणं राहिलं."

काकांनी कान पुढे केला. तिने सांगितलं. काकांचा चेहरा पडला. ते देवाकडे बघत राहिले, पण तोंडातून शब्द निघेना.

आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. वहिनीने पदर सावरला, हात जोडले आणि साध्या मराठीत म्हणाली, "गणपती महाराजा, जो गेला तो जिथे असेल तिथे सुखात राहू दे. त्याला काही कमी पडू देऊ नकोस. पण या दारात आता आणू नकोस, महाराजा."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हणेना. काल माझ्या तोंडून विचार न करता शब्द गेला होता, आज मी थांबले. दादा माझाही होता. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी विसर्जनाला गेले होते. मला तो यायला हवा होता, हे त्या क्षणी कळलं, आणि ते वहिनीच्या तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती.

खुर्चीत बसलेली आई हातांचा जोर लावून उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडणार, सुनेला बोलणार. पोटचा पोरगा आहे तिचा. काल रात्रीच तिने त्याच्यासाठी उकडीचे मोदक डब्यात काढून ठेवलेले मी पाहिले होते.

आईने हात जोडले. "व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

मग मी म्हणाले. सगळ्यात शेवटी काका म्हणाले, अगदी हळू. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी आईकडे पाहिलं, आई मूर्तीकडे बघत होती. काका फोन घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांनी मागून दार ओढून घेतलं.