वसंतभाऊंचा नंबर

तीन-चार हौशी माणसं आणि एक शिडाची बोट एकत्र आली, की किस्से साठतच जातात. त्यासाठी समुद्र लागतो असंही नाही. आमच्या रायपूरहून समुद्र गाठायचा तर आगगाडीत एक रात्र काढावी लागते. आम्हाला धमतरीकडचं एक धरण पुरलं! हे किस्से मी लग्नाकार्यात सांगतो, लोक पोट धरून हसतात. शेवटचा मात्र आजवर कुणाला सांगितला नाही.

नवं राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि ज्याला त्याला काहीतरी दणदणीत करायची घाई झाली होती. बूढापाऱ्यातल्या डोंगरे वकिलांनी एका बंद पडलेल्या क्लबाची जुनी, तीन माणसांची शिडाची बोट उचलून आणली. डोंगऱ्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. हे ते स्वतःच दर दहा मिनिटांनी सांगतात. त्या वर्षी लाँड्रीपासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांचं नाव 'राजधानी' होतं, म्हणून बोटीचंही तेच ठेवलं.

पण बोट धरणापर्यंत न्यायची कशी? मी पडलो सरकारी कारकून, डोंगरे वकील. तेव्हा आम्ही वसंतभाऊंना गाठलं. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले रिटायर्ड फिटर, मूळचे अमरावतीकडचे, राहायला पुरानी बस्तीत. भंगारातला ॲक्सल आणून त्यांनी अंगणात महिनाभर ठोकाठोकी केली आणि जीपमागे जोडायचा झकास ट्रेलर तयार केला.

"काय द्यायचं तुम्हाला?" डोंगऱ्यांनी विचारलं.

"मले काही नको जी. एक डाव शीड लावून बोटीत बसायचं आहे. जनमभर लोकांचे डबे दुरुस्त करून राहिलो."

"पहिला नंबर तुमचाच!" डोंगरे म्हणाले. मीही मान डोलावली.

*

पहिला रविवार. बोट पाण्यात उतरवायची रीत अशी: जीप उलटी घेत ट्रेलर उतारावरून पाण्यात न्यायचा, चाकं बुडाली की बोट तरंगते, मग ती हलकेच ढकलून द्यायची.

पण नारळ फोडल्याशिवाय उतरवतील तर ते डोंगरे कसले! नारळ त्यांनी बोटीच्या टोकावरच फोडला. पाणी सगळं आत सांडलं, बोट चिकट झाली. ती धुतली, आणि पाणी जावं म्हणून त्यांनी बोटीच्या तळाचं रबरी बूच काढलं. प्रसादाचं खोबरं वाटण्याच्या गडबडीत ते बूच त्यांच्याच खिशात गेलं.

वसंतभाऊ म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी जीप वर लावून आलो." काठापासून वीस-पंचवीस हात गेलो असू, तर घोट्यापर्यंत पाणी! डोंगरे शांतपणे म्हणाले, "एका नारळात एवढं पाणी?"

वसंतभाऊ छातीभर पाण्यात शिरले आणि दोरीने आम्हाला ओढून काढलं. बोट वाळवण्यात दिवस गेला. त्यांचा नंबर पुढच्या रविवारवर गेला.

*

पुढच्या रविवारी डोंगऱ्यांनी कॅप्टनच आणला! बँकेत बदलून आलेले ताम्हणे, रत्नागिरीचे. कोकणातला माणूस, म्हणजे शीड येणारच. ते तिसऱ्या जागेवर बसले. वसंतभाऊ काठावर राहिले.

दहा मिनिटांत कॅप्टनचा चेहरा पिवळा पडला.

"अहो, तुम्ही कोकणातले ना?" मी ओरडलो.

"हो, पण आमचं घर डोंगरावर आहे! मला एस्टीसुद्धा लागते!"

काठावरून वसंतभाऊ हाताने सांगत होते, दोरी सोडा, शीड सैल करा. कारखान्यातल्या माणसाला बघून बघून सगळं समजलं होतं. बसलेला नव्हता तेवढंच.

*

वसंतभाऊंची एक कापडी पिशवी असायची. आले की काठावरच्या बाभळीला अडकवायचे, आणि जुनी हाफपँट घालून कामाला लागायचे. जाताना तश्शीच काढून न्यायचे.

"वहिनींनी पोळ्या दिल्या वाटतं?" डोंगरे चिडवायचे. "कधी आम्हालाही द्या."

"हव, देऊ ना," म्हणत ते हसायचे.

*

एकदा मी हट्टाला पेटलो. म्हटलं, आज ट्रेलर मी मागे घेतो. वसंतभाऊ शेजारी बसले.

"साहेब, हे उलटं चालते. डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे फिरवा."

मी सवयीने डावीकडेच फिरवलं. ट्रेलर भलतीकडे वळला आणि धरणाच्या चौकीदाराच्या वांग्यांत घुसला! चौकीदार पळत आला. "साहब, बोट पानी में चलथे, भाटा बारी में नहीं!"

वांग्याची बाग म्हणजे भाटा बारी, हे मी त्या दिवशी शिकलो. ट्रेलर मागे घ्यायला मात्र शिकलो नाही. दोन रविवार मनावर घेतलं असतं तर आलं असतं. मग जीप वर लावायला मी गेलो असतो आणि वसंतभाऊ बोटीत बसले असते. इतकं सोपं होतं हो! पण ते जीप वर लावून, चाकाखाली दगड ठेवून येईपर्यंत शिडात वारा भरलेला असायचा आणि आम्ही निघालेले असायचो. "वारा थांबत नाही ना वसंतभाऊ, पुढच्या रविवारी नक्की!" हे मीच ओरडायचो. त्याची मला आज लाज वाटते.

"जा जी, काही हरकत नाही," ते म्हणायचे.

*

थंडीत वसंतभाऊ गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच. तेराव्याला डोंगरे आणि मी पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी गेलो. कुसुमवहिनींनी चहा दिला आणि खुंटीवरची ती कापडी पिशवी काढून आमच्यासमोर ठेवली.

आत पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. कडक इस्त्रीची.

"बोटीत बसायचे कपडे आहेत हे त्यायचे," वहिनी म्हणाल्या. "दर रविवारी सकाळी उठून मी इस्त्री करून देत होती. सांजेला पाहावं, तर इस्त्री जशीच्या तशी! मी विचारलं, काहून हो, आज बसले नाही का? तर म्हणत, बसलो ना! दर रविवारी बसतो. आपली बोट इतकी अलगद चालते, का कपड्याची इस्त्री मोडत नाही."

डोंगऱ्यांनी कप खाली ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"खरंच एवढी अलगद चालते का भाऊजी, ते बोट?"

"हव वहिनी," मी म्हणालो. "बिलकुल मोडत नाही."