उघडा शाफ्ट

धान रोवण्याच्या दिवसांत कामठ्यात रत्नपाल रामटेकेच्या आंगणात माणसं चहाच्या आधी येऊन बसतात. धानाच्या बांधीत चिखल करावा तर रत्नपालनंच, असं त्याचं नाव. बाप जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत नांगरामागे चालला. पोरगा मिसरूड फुटायच्या आत एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढला, तो उतरलाच नाही. आता ट्रॅक्टर त्याचा स्वतःचा आहे. जुना, निळा, सायलेन्सरला ठिगळं मारलेला. रत्नपाल माणसांशी बोलतो कमी. ट्रॅक्टरशी बोलतो, आणि तेही शिव्यांत.

इकडच्या ट्रॅक्टरवाल्यांची एक रीत आहे. चिखल करायचा रोटावेटर नवा येतो तेव्हा त्याच्या शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं. शाफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून निघून यंत्राला फिरवणारा लोखंडी दांडा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा. त्यावरचं कव्हर पहिल्याच दिवशी काढून फेकायचं. धानाच्या चिखलात त्याचा उपयोग काय? चिखलाचा गारा आत शिरतो, वाळतो, कव्हर जाम होतं, ग्रीस मारायला हात जात नाही. दांडा उघडाच बरा. त्यानं कधी कुणाला काही केलंही नाही. रोवणा करणाऱ्या बाया फिरत्या रोटावेटरजवळ जातीलच कशाला, चिखल तोंडावर उडतो. आणि त्यांच्या अंगावर लोंबतं काही नसतं. लुगडं वर खोचलेलं, पदर कमरेला आवळलेला.

रत्नपालनं असे कितीतरी शाफ्ट उघडे चालवले. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

यंदा भैयालाल रहांगडालेनं नाल्याकाठच्या जमिनीत धानाऐवजी आलू लावले. गावात हसले लोक, पण आलू बसले चांगले. खोदायची मशीन त्यानं बाहेरून जुनी आणली. पुढं जमिनीत घुसणारं रुंद पातं, मागं साखळ्यांची चाळण. माती गळून जाते, आलू मागं सरीवर पडतात. मशीन ठीक होती, फक्त तिचा शाफ्ट नव्हता.

"तुह्या रोटावेटरचा लावून देजो," भैयालाल म्हणाला होता.

तो लावला तर आखूड निघाला. मशीन खाली सोडली की दोन्ही नळ्या एकमेकींतून निसटून पडायच्या. म्हणून सकाळीच रत्नपाल मोटारसायकलनं गोंदियाला गेला, गुलाबचंदच्या दुकानात. गुलाबचंद ट्रॅक्टरचे पार्ट विकतो आणि अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलतो. त्यानं दोन शाफ्ट पुढं टाकले. एक तयार मापाचा, पण बिना कव्हरचा. दुसरा कव्हरवाला, पण लांब.

"ये लंबावाला कापना पडेगा. दोन्ही नळ्या, दोन्ही कव्हर, बराबर एकसारखे," गुलाबचंद म्हणाला. "दोन्ही घेऊन जा. जो बसंल तो ठेव, दुसरा वापस आन. पर भाई, आरी लागली की वापस नाही. और गलत कापा, तो मेरे पास रोने मत आना."

"कव्हर कायले पाहिजे?"

"वो तू जाने. मैं बेचता हूँ, चलाता नहीं."

दोन्ही शाफ्ट मागं बांधून रत्नपाल शेतावर आला तेव्हा भैयालाल बांधावर उभा राहून बालाघाटच्या अंगानं पाहत होता. तिकडं आभाळ शिशासारखं झालं होतं. आलू अर्धे पक्के, साल अजून नाजूक. पाणी पडलं, सरीत थांबलं, की कुजायला वेळ लागणार नव्हता.

"आला एकदाचा! अबे, मले वाटलं तिकडंच जेवून येतो का काय."

"दोन आणले भाऊ. हा लांब आहे, कापाव लागंल."

"मंग कापत कायले बसतो? दुसरा बसते का?"

बसला. तयार मापाचा होता, खट्‌कन बसला. रत्नपालचा हात त्याच्यावर ओळखीनं फिरला. तसाच उघडा दांडा, तसेच जोड, खिळा मारायचं भोकही त्याच जागी. त्यानं वर पाहिलं, ढग पाहिले, आणि लांब शाफ्ट बांधावर पळसाखाली ठेवून दिला.

वेचणाऱ्या बाया आल्या होत्या. त्यांची म्होरकी अल्का, रत्नपालची बायको. आवाज असा की दोन बांध्या पलीकडून कळावं. तिच्या हाताखाली दुर्पता मावशी, नागझिऱ्याकडच्या गावची, केस पांढरे पण हात चपळ. दर हंगामात लेकीकडं येते आणि लेकीपेक्षा जास्त काम करते. बाकीच्या गावातल्याच.

पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्या फेरीला, ट्रॅक्टर निघाला आणि मागं पिवळेधम्म आलू सरीवर ओळीनं पडायला लागले, तसा बायांनी ओरडाआरडा केला.

"अगाई, हे त अंड्यावानी पडून राहिले!"

"वेच मंग, पाहत काय राह्यतं!" अल्का खेकसली.

पण चिखलाची जमीन वेगळी आणि ही वेगळी. कोरडी, भुसभुशीत माती चाळणीतून उडत होती. मागं सगळा धुरळाच धुरळा. बायांनी तोंडं बांधून घेतली. कुणी ओढणी, कुणी स्कार्फ, कुणी पदरच तोंडावरून मागं टाकला. फक्त डोळे दिसत होते.

दुसऱ्या तासाला मशीन अडली. आलूचा वाळका पाला पात्यावर गोळा झाला, माती चाळणीवर चढेना. रत्नपालनं ट्रॅक्टर थांबवला, पण गिअर काढून, क्लच सोडून. मागची चाळण फिरतीच ठेवली, म्हणजे पाला आपोआप झटकला जाईल. मळणीच्या थ्रेशरवर असंच करतात. आणि थ्रेशरवर करतात तसंच दुर्पता मावशी बाजूनं वाकली, ट्रॅक्टर आणि मशीनच्या मधल्या जागेत, आणि मुठीनं पाला ओढायला लागली. तिच्या खांद्यावर रिकामी चुंगडी होती, आलू भरायची. शेजारी अल्का वाकली.

रत्नपाल मागं वळून पाहत होता म्हणून त्यानं पाहिलं. चुंगडीचं टोक शाफ्टला नुसतं लागलं. मग चुंगडी नव्हतीच. मावशी अर्धी गरकन फिरून सरीत बसली आणि दांड्यावर सुतळीचा गोळा फटक फटक आपटायला लागला.

त्यानं इंजिन बंद केलं.

मावशीच आधी हसली. "माही चुंगडी खाल्ली ना बापू तुह्या ट्रॅक्टरनं! उपाशी ठेवलं होतं का त्याले?"

बाया खो-खो हसल्या. मावशी खांदा चोळत उठली, कपडे झटकले. रत्नपाल खाली उतरला. तो मावशीकडं पाहत नव्हता. अल्काच्या गळ्याभोवती स्कार्फचे दोन वेढे होते, गच्च गाठ मारलेली, आणि त्याचं लांब टोक खांद्यावरून खाली, ती वाकली की गुडघ्यापर्यंत लोंबत होतं. चुंगडी खांद्यावरून सुटली होती. हा स्कार्फ सुटणार नव्हता.

तो शाफ्टवरची सुतळी उकलायला लागला.

"काऊन बंद केला?" भैयालाल बांधावरून धावत आला. "कोणाले लागलं का?"

"नाई."

"मंग लाव ना!"

"हा काढून तो लावतो भाऊ. लांबवाला."

"तो कापाव लागते म्हणे ना? अबे, वर पाह्य! पाणी येऊन राहिलं. माहे आलू मातीत राह्यतीन."

"राहू द्या."

भैयालालचं तोंड उघडंच राहिलं. "राहू द्या? तुहे नाईत म्हनून राहू द्या?" मग आवाज खाली आणून, समजावल्यासारखा: "आयक. बायांले सांगतो, दूर राहा म्हनून. झालं?"

"दूर राहू आमी," अल्का म्हणाली. तिला काम सुटायला नको होतं. पावसानं शेत भिजलं की आठ दिवस इथं कुणाला काम नाही. "अजी, करा ना सुरू. आमी काय लेकरं आहोत?"

"आतापर्यंत कोनाले झालं काही?" दुर्पता मावशीही म्हणाली. "एक चुंगडी गेली, जाऊ दे ना बापू."

एकूण एक माणूस त्याच्याविरुद्ध होतं, आणि ज्यांच्यासाठी तो थांबला होता तेच जास्त. रत्नपालला माहीत होतं, दूर कुणी राहत नाही. पाला अडला की हात आपोआप जातो. आत्ता सांगितलेलं तिसऱ्या तासाला विसरलं जातं. तो स्वतःही गेला असता. त्यानं चावी काढून खिशात टाकली.

"पुढच्या साली दुसरा ट्रॅक्टर सांगीन मी," भैयालाल म्हणाला.

"सांगा."

लांब शाफ्ट आणि ट्रॅक्टरच्या पेटीतली आरी त्यानं सरीत आणून ठेवली. दोन्ही अर्धे वेगळे केले, एक ट्रॅक्टरला अडकवला, एक मशीनला, आणि शेजारी शेजारी धरून पाहिले. आता कापायचं किती? कमी कापलं तर मशीन वर उचलली की नळी आत जाऊन टेकणार, मागचा गिअरबॉक्स फुटणार. जास्त कापलं तर रोटावेटरच्यासारखा चालता चालता निसटणार, आणि चालू दांडा निसटला तर तो कुठं जाईल सांगता येत नाही. रोटावेटरचं माप तो नेहमी यंत्र जमिनीवर टेकवून घ्यायचा. सपाट बांधीत उचलायचं असतंच किती? इथं मशीन प्रत्येक तासाच्या शेवटी बांधाइतकी वर घ्यायची होती.

त्यानं इंजिन सुरू केलं, मशीन हळूहळू वर घेतली, खाली सोडली, परत वर.

"आता काय झुला झुलवून राहिला?" भैयालाल.

"दोन्ही टोकं कोठं जवळ येतात ते पाहून राहिलो."

अधल्यामधल्या उंचीवर टोकं सगळ्यात जवळ आली. तिथं त्यानं मशीन थांबवली, खाली लाकडाचे ओंडके लावले, इंजिन बंद केलं. खिळ्यानं नळीवर खूण केली. बोटभर जागा सोडली. मग थांबला. परत अर्धे शेजारी धरून पाहिले, खूण खोडली, थोडी सरकवली. आरी टेकवली की गुलाबचंद घेणार नव्हता. चुकली तर आज आलूही नाही आणि शाफ्टही नाही. पहिला वारा आला, थंड, ओल्या मातीच्या वासाचा. पळसाची पानं उलटी झाली.

"आता काप नाईतर फेकून दे," भैयालाल म्हणाला.

त्यानं दोन्ही अर्धे सोडवून खाली ठेवले आणि आरी लावली.

नळी हालत होती. आरीच्या दातांना पकड मिळेना. अल्का येऊन एका टोकावर बसली. तेवढ्यानं भागेना. शेवटी भैयालालच शिव्या देत आला, चप्पल काढून दुसऱ्या टोकावर दोन्ही पाय रोवून उभा राहिला. "बापजन्मी असं काम नाई केलं," तो म्हणाला, "आलू लावले न् लोहाराचा हेल्पर झालो." बाया तोंड बांधलेल्या असूनही हसताना कळत होत्या. लोखंडाचा भुसा भैयालालच्या पायावर पडत होता. जेवढी बाहेरची नळी, तेवढीच आतली. जेवढं एक कव्हर, तेवढंच दुसरं. कापलेल्या कडा रत्नपालनं कानशीनं घासल्या, बोट फिरवून पाहिलं, ग्रीस भरलं. कव्हरला दोन्हीकडं बारीक साखळी होती, आतला दांडा फिरला तरी कव्हर जागच्या जागी राहावं म्हणून. असली साखळी त्यानं आयुष्यात कधी अडकवली नव्हती. ती त्यानं अडकवली.

मशीन वर घेतली. टेकली नाही. खाली सोडली. निसटली नाही.

तेव्हा पहिले थेंब पडायला लागले होते, मोठे, एकेक. बाया आपसूक सरींवर पसरल्या. रत्नपालनं एकामागून एक तास काढले, ट्रॅक्टरच्या जिवावर उठल्यासारखे. धुरळा बसला होता पण स्कार्फ कुणी सोडला नव्हता. आता ते पावसासाठी होते. नाल्याकडच्या अंगाला बराचसा पट्टा बाकी होता. तो आज निघणार नाही हे भैयालाललाही दिसत होतं. तो आता ओरडत नव्हता, चुंगड्या ओढून झाडाखाली नेत होता.

तेवढ्यात पाला अडला. ओला, चिवट.

रत्नपालनं क्लच दाबला. पण चाळण जड, दांडा लगेच थांबत नाही. आणि तो मागं वळेपर्यंत अल्का वाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिनं विचारही केला नव्हता. दोन्ही हात पाल्यात, मान खाली, आणि स्कार्फचं ते टोक कव्हरवर पडलेलं. आत दांडा अजून फिरत होता. कव्हर स्थिर होतं. टोक त्यावर पडून राहिलं, पावसानं भिजून चिकटलं, आणि अल्कानं पाल्याचा भारा ओढून काढला तसं तिच्यामागं निघून आलं.

तिनं भारा बांधावर फेकला आणि वर पाहिलं. रत्नपाल तसाच वळून बसला होता, क्लचवर पाय, स्टिअरिंगवर एक हात.

"पाहत काय राहिले अजी? चला ना, पाणी आलं!" ती ओरडली. "सकाळपासून थांबूनच राहिले नुसते!"

त्यानं मान पुढं वळवली, गिअर टाकला आणि पातं जमिनीत घातलं.