चौरंगावरचा फिडलवाला

स्टेजवर काय काय लागतं त्याची यादी मीच भरून दिली होती, आणि पहिली चूकही त्याच यादीत झाली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांवर जो राग काढणार आहे तो एकतर्फी वाटायला नको.

आम्ही कॅनडात, किचनरला राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एका गोदामाच्या ऑफिसात. कुठला माल कुठून निघाला आणि कुठे अडकला हे बघणं माझं काम. २०१४च्या हिवाळ्यात त्याच्या ऑफिसातल्या एकाने, जो गिटार वाजवायचा, त्याला विचारलं की तुझ्याकडे व्हायोलिन आहे म्हणतोस तर शनिवारी माझ्या बेसमेंटमध्ये येतोस का. हा गेला. तिथे गाणारी एक शाळामास्तरीण होती आणि बेस वाजवणारा एक शेतकरी, शहराबाहेर गाईंचा गोठा असलेला. त्यांना कंट्री म्युझिकचा, म्हणजे इकडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचा, बँड काढायचा होता. तिथे व्हायोलिनला फिडल म्हणतात.

माझा नवरा मिरजेला गुरुजींकडे शिकलेला. म्हणजे मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं. त्यामुळे वाद्य सांभाळायला डाव्या हाताची गरज उरत नाही आणि बोट तारेवरून हवं तसं घसरवता येतं. पहिल्या शनिवारी तो बेसमेंटच्या कार्पेटवरच बसला. बाकीचे जरा हसले. मग त्याने एका संथ गाण्यात मींड घेतली आणि गाणारी बाई गायची थांबली. कंट्रीच्या गाण्यांत स्टील गिटार नावाचं एक वाद्य असतं, लांबत लांबत रडणारं. यांच्याकडे ते नव्हतं. ती जागा याने भरून काढली, आणि दोन आठवड्यांनी शेतकऱ्याने जुन्या गोठ्याच्या फळ्यांचा एक चौरंग करून आणला, दीड फूट उंच, खाली रबर लावलेला. "आता लोकांना तू दिसशील," म्हणाला.

पुढची तीन वर्षं बँडची सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. कोणी दिली नाही. कोणी करत नव्हतं म्हणून मी घेतली. गावोगावचे फॉल फेअर म्हणजे पानगळीतल्या जत्रा, चर्चमधली जेवणं, माजी सैनिकांचे लीजन हॉल, वृद्धाश्रम. प्रत्येक ठिकाणाला एक कागद: चौरंग, सतरंजी, बुटका माइक स्टँड, जादा तारा, व्हॅनला विंटर टायर्स बसवले का, याला गाण्याआधी कॉफी द्यायची नाही. ट्रॅक्टरच्या शर्यतीनंतर चिखलातले बूट घालून आलेली माणसं या चौरंगापुढे खुर्च्या ओढून बसायची. लहान मुलं त्याच्यासमोर मांडी घालायची. पोस्टरवर त्याचा फोटो बसलेलाच असायचा. एका हिवाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये गाण्यांचं रेकॉर्डिंगही केलं. नाकं मुरडली ती आपल्याच लोकांनी. टोरोंटोजवळच्या मार्कहॅमला दिवाळीच्या कार्यक्रमात एका निवृत्त डॉक्टरकाकांनी याला विचारलं, "काय रे, गुरुजींनी एवढं शिकवलं ते गाईगुरांसमोर वाजवायला?" हा म्हणाला, "काका, गाई टाळ्या वाजवत नाहीत, पण मध्येच उठून जेवायच्या रांगेतही जात नाहीत." मला वाटलं, माणूस उत्तर द्यायला शिकला. तो माझा गैरसमज होता.

२०१७मध्ये टोरोंटोच्या एटोबिको भागातला, कार्यक्रमांचं बुकिंग करणारा एक माणूस भेटला. मोठ्या फेस्टिवलचं स्टेज देतो म्हणाला. त्याने एक फॉर्म पाठवला, त्यात प्रत्येक वस्तूपुढे दोन चौकटी: आवश्यक, किंवा असल्यास बरे. माइकपुढे मी आवश्यकवर खूण केली. पाण्याच्या बाटल्यांपुढेही आवश्यकवर केली. आणि चौरंगापुढे केली असल्यास बरे. कारण काय, तर पहिल्याच भेटीत हट्ट कशाला दाखवायचा. गोदामात पंधरा वर्षं मी लोकांना ठणकावून सांगत आले की हवं ते स्पष्ट लिहा, आणि घरच्या माणसाच्या बसण्याची जागा मात्र मी भिडेपोटी सोडून दिली.

त्या माणसाने खूण बघितली आणि फोन केला. बसण्याची अट नाहीये तर उभ्याने वाजवू दे, कॅमेऱ्यात बसलेला माणूस दिसत नाही. याने घरी आठवडाभर उभं राहून पाहिलं. हनुवटीखाली व्हायोलिन धरलं की हात वाद्य सावरण्यात अडकायचा आणि मींड तुटायची. मग बँडमधली ती तिघं आमच्या स्वयंपाकघरात आली. माझ्या हातचे पोहे खाल्ले. गाणाऱ्या बाईने विचारलं, या एका सीझनला तू थांबलास तर तुला चालेल का, बुकिंगवाल्याकडे उभ्याने वाजवणारी एक मुलगी आहे. शेतकरी ताटात बघत होता.

नवरा म्हणाला, "चालेल. काही हरकत नाही."

आपल्याकडे असं म्हटल्यावर समोरच्याने "नाही नाही, असं कसं" म्हणायचं असतं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, त्याला मिठी मारली आणि गेले. मी रागाने ताटं आपटत होते. "अरे, चालणार नाही असं सांगता येत नाही तुला?" तो म्हणाला, "तू तरी फॉर्मवर कुठे सांगितलंस?"

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्या फेस्टिवलला प्रेक्षक म्हणून गेलो. भर दुपार, गवतावर घडीच्या खुर्च्या. मुलगी चांगली होती, चपळ. तिच्यावर माझा राग नाही. मग ते संथ गाणं आलं. मींड सुरू झाली आणि मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा डावा हात गुडघ्यावर घसरत होता. मुलीचा गज वर होता, तारांना लागलेलाच नव्हता. स्पीकरमधून आमच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्ड केलेलं याचं व्हायोलिन वाजत होतं. मध्ये एके ठिकाणी घर तापवणाऱ्या आमच्या फर्नेसची घरघरसुद्धा ओळखू आली मला. लोकांनी त्या मुलीसाठी टाळ्या वाजवल्या. माणूस दिसायला नको होता, त्याचा सूर हवा होता. आणि विचारलं कोणीच नव्हतं.

मी उठून स्टेजमागे जाणार होते. त्याने माझी बाही धरली. "थांब. हे मी बोलेन."

दोन आठवड्यांनी गाणारी बाई आली, बटर टार्ट नावाच्या इकडच्या मिठाईचा डबा घेऊन. फेस्टिवलचं तिने आपणहून सांगितलं, मान खाली घालून. कल्पना बुकिंगवाल्याची होती, आणि तिने होऊ दिली. आता फॉलच्या कार्यक्रमांतही तेच रेकॉर्डिंग वापरायचं होतं. तुला चालेल ना, असं तिने विचारलं.

हे तो बोलणार होता. एवढी गप्प मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बसले नाही.

"नाही," तो म्हणाला. "चालणार नाही. मागच्या वेळीही चालत नव्हतं, पण मी चालेल म्हणालो. ती माझी चूक. ही तुमची."

तिने डब्याचं झाकण उघडून पुन्हा बंद केलं. रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, तू तेव्हाच असं सांगितलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. यावर माझा आजही पूर्ण विश्वास नाही. तीन वर्षं ज्याच्याबरोबर व्हॅनमध्ये फिरलात, त्याचा चेहरा वाचता येत नाही? पण तिने रेकॉर्डिंग काढून टाकलं, हेही खरं. त्यावरून बुकिंगवाल्याशी बिनसलं. फॉलमध्ये ते संथ गाणं गाळूनच कार्यक्रम झाले, आणि पुढच्या वर्षी त्याने यांना घेतलंच नाही. मोठं स्टेज तिथेच संपलं.

मग एका फेब्रुवारीत शेतकऱ्याचा फोन आला. चर्चचं जेवण आहे, त्याला विचार, येईल का. आणि चौरंग गोठ्यात आहे, धुऊन ठेवलाय. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो म्हणाला, येतो, बसून वाजवीन. इतकंच. दिलगिरी कोणी नीट व्यक्त केली नाही, ते माझ्या मनात अजून आहे.

त्या दुपारी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आल्यावर मी नवी यादी केली. एक नंबरला चौरंग. त्याच्यापुढे लिहिलं, आवश्यक, आणि खाली दोन रेघा ओढल्या.