बुरुजावरून दिसलेला बावटा

रविवार आला की मला डोंगर लागतो. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. असेल. राहते भाईंदर पूर्वेला, पण माहेर उत्तनचं, त्यामुळे पाय आपोआप तिथल्या धारावीच्या किल्ल्याकडे वळतात. मुंबईतली धारावी नव्हे, ही आमची. किल्ला म्हणजे उरलाय काय, एक बुरूज, गवत आणि लोकांनी टाकलेल्या बाटल्या. पण तिथून खाडी, वसई आणि अख्खा समुद्र दिसतो. वसई घेण्याआधी मराठ्यांना हा डोंगर का हवा होता, ते तिथं उभं राहिलं की कळतं.

त्या रविवारी वहिनी, माझ्या भावाची बायको, स्वतःहून बरोबर आली. वारा फिरला म्हणून सगळ्या बोटी परतल्या होत्या. दादाची तेवढी आली नव्हती. फोन लागत नव्हता, वायरलेसवर नुसती खरखर.

चढताना मी बोलत सुटले. तोफा कुठं होत्या, पोर्तुगीज कुठून पहारा द्यायचे. गप्प बसले असते तर रडले असते. वहिनीनं एकदाच विचारलं, पहारेकऱ्यांच्या बायका कुठं राहायच्या? मला काय माहीत डोंबल.

आमच्या घरात एक रीत आहे. उशीर झालेली बोट कुणालाही दिसो, 'आली' म्हणायचं ते खलाशाच्या बायकोनंच. दुसऱ्यानं म्हटलं तर अपशकुन. आई तर शेजारणीच्या तोंडावर हात ठेवायची. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींना हसते. पण जमिनीच्या टोकाला वळसा घालून दादाचा पिवळा बावटा पुढं आला आणि माझी दातखीळच बसली.

दुसरी एक बोट त्याच्या बोटीला दोर लावून ओढत होती. वहिनी तिकडेच तोंड करून उभी, पण गप्प. हिला दिसत कसं नाही? मी खोकले, तिला चिमटा काढला. म्हण की बाई एकदाचं. शेवटी तिचा दंड धरून हलवला.

"मगाशीच बघितली," ती म्हणाली. "बोट हाय. तो दिसत न्हाय."

मी तिचा दंड सोडला. बोटी जवळ येत होत्या आणि आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. मग इंजिनाच्या खोलीतून कुणीतरी वर आलं, बादलीभर पाणी समुद्रात फेकलं आणि डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला. ती दादाचीच सवय.

"आली," वहिनी म्हणाली, जेमतेम ऐकू येईल एवढ्यानं, आणि तिथंच मटकन खाली बसली. मग आम्ही पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी दादा भात कालवताना म्हणाला, इंजिन बसलं होतं, मिस्त्री आलाय, गुरुवारी निघतो. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो हसला. वहिनीनं त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली.

"पुढच्या रविवारी जाशील ना वर?" तिनं विचारलं. "मला हाक मार."