उजव्या बाजूला झेंडू टिकेना

तिसऱ्यांदा झेंडूचा गुच्छ खाली पडला तेव्हा मी आधी मॅग्नेटला शिव्या घातल्या. मग तोच मॅग्नेट उचलून गॅरेजच्या शटरला लावला. असा चिकटला की ओढून काढायला दोन हात लागले. म्हणजे मॅग्नेट ठीक होता. गुच्छही ठीक होता. घोळ गाडीत होता, आणि त्या गाडीची पूजा सव्वाअकराला होती.

दसऱ्याचा दिवस. सकाळचे नऊ वाजले होते.

मी गाड्या सजवते. लग्नाच्या, पूजेच्या, नव्या, जुन्या. नवरा गिरणीतून घरी बसला तेव्हा मी भांडुप स्टेशनबाहेर हार ओवायला बसले. एकदा शेजारच्यांच्या लग्नाची गाडी सजवून दिली, ती लोकांना आवडली, तेव्हापासून हाच धंदा. आता सून पल्लवी बरोबर असते. माझं शिक्षण चौथी. ऑर्डर ती लिहून घेते, भाव मी सांगते.

गाडीला फुलं लावायच्या तीन रीती आहेत. एक म्हणजे टेप. स्वस्त आणि पक्की, पण पेंट कच्चा असला तर टेपबरोबर पेंटही निघतो. दुसरी, रबरी कप. काचेवर छान बसतो, उन्हात गरम झाला की सुटतो. तिसरी रीत माझी. भंगारवाल्याकडून जुन्या स्पीकरचे गोल मॅग्नेट घ्यायचे, त्यांना फलालीनचं कापड शिवायचं म्हणजे ओरखडा येत नाही, आणि त्यावर गुच्छ बांधायचा. पत्र्याला लावला की संपलं. वरात संपली की काढून डब्यात.

त्या दिवशी मॅग्नेटच का, तर बाळाशेठने तसं बजावलं होतं. बाळाशेठचं अंधेरीला गॅरेज आहे. जुन्या गाड्या घेतो, नीट करतो, लग्नाला भाड्याने देतो. एखादी विकतोही. मी त्याला तो सायकलवरून स्पेअर पार्ट पोचवायचा तेव्हापासून ओळखते, म्हणून मी त्याला तोंडावर शेठ म्हणत नाही. पण माझ्या सीझनची निम्मी लग्नं त्याच्याकडून येतात, हे खरं.

आदल्या संध्याकाळी फोनवर म्हणाला, "मावशी, उद्या स्पेशल गाडी आहे. अमेरिकन. एकोणीसशे पंचावन्नची. नटबोल्टपासून रिस्टोअर केलीय. टेपचा एक तुकडा लावायचा नाही हां. फक्त तुझे मॅग्नेट."

गाडी दिसायला झकास होती, ते नाकारत नाही. खाली फिका हिरवा रंग, वर पांढरं छप्पर. मागे माशासारखे दोन पर. बंपरमध्ये तोंड बघून कुंकू लावावं इतका चकचकीत. लांबी एवढी की एका टोकाला मी उभी राहिले तर दुसऱ्या टोकाच्या पल्लवीला हाक मारावी लागत होती.

पल्लवीने डिकी उघडून बघितली. "आई, यात आपलं किचन मावेल."

"ओट्यासकट," मी म्हटलं. "बंद कर आणि कामाला लाग."

डाव्या बाजूला काम पंधरा मिनिटांत झालं. मडगार्ड, दोन्ही दरवाजे, मागचा पर. गुच्छ लावला की टक् करून बसत होता. बोनेटही छान. मग उजव्या बाजूला आले आणि पुढच्या मडगार्डवर गुच्छ घसरला. परत लावला, परत घसरला. दरवाजाच्या खालच्या अर्ध्या भागावर तर मॅग्नेट ओळखच दाखवेना, भिंतीला लावल्यासारखा.

याचा अर्थ मला माहीत होता. आमच्या गल्लीत एक डेंटर होता, त्याने शिकवलेलं. गाडीला पोचा आला की पत्रा ठोकून सरळ करायचा असतो. ते मेहनतीचं काम. ज्याला मेहनत नको तो पोच्यात पुट्टी भरतो, घासतो, वर रंग मारतो. थोडी पुट्टी सगळेच लावतात, मॅग्नेट तेवढ्याने हटत नाही. पण भाकरीएवढा जाड थर असला, किंवा पत्रा गंजून गेलाय आणि मागे जाळी लावून नुसतीच पुट्टी थापलीय, तर मॅग्नेट पकडणार कशाला?

बाळा आत शर्ट बदलत होता. मी हाक मारली.

"बाळा, उजवी बाजू पकडत नाहीय."

"अमेरिकन पत्रा आहे मावशी. वेगळा असतो."

"डाव्या बाजूचा मग कुठला, कुर्ल्याचा?"

तो बाहेर आला. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मावशी, तू फुलं लाव ना. डोकं कशाला लावतेस?"

"लावते. टेपने लावू?"

"टेप नको बोललो ना. पेंट चार दिवसांचा आहे, निघून येईल."

एवढं बोलून तो शर्टाची बटणं लावत आत गेला. पल्लवीने माझा कोपर धरला आणि बाजूला नेलं.

"आई, तुळशीच्या लग्नानंतर याच्याकडून अकरा गाड्या आहेत. आपण फुलवाल्या आहोत. गाडी घेणारा बघून घेईल."

बरोबर बोलत होती. मी ठरवलं, आपण बोलायचं नाही. मी काही सत्यवचनी बाई नाही. शिळी शेवंती पाणी मारून ताजी म्हणून मीही विकली आहे. जिथे मॅग्नेट बसला तिथे फुलं लावली, जिथे बसला नाही तिथे सोडून दिलं. झाल्यावर लांब जाऊन बघितलं. डावीकडून गाडी नवरदेवासारखी दिसत होती. उजवीकडून लूत लागलेल्या कुत्र्यासारखी.

अकराला कर्णिक नवराबायको आले. मुलुंडचे. साहेब नुकतेच ऑफिसमधून रिटायर झालेले, अंगात नवा रेशमी कुर्ता. बाई पैठणी नेसलेल्या, हातात पूजेचं ताट, आणि चेहरा असा की दात काढायला आणलंय.

साहेब गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि मला सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं. त्यांच्या वडलांच्या साहेबाकडे अशीच गाडी होती. वडील कारकून. साहेब आला की धावत जाऊन दार उघडायचे. हे सहा वर्षांचे असताना एकदा आत चढले, तर वडलांनी सगळ्यांसमोर कान धरून उतरवलं.

"तेव्हापासून डोक्यात आहे, मावशी. रिटायर झालो की घ्यायची."

"चोपन्न वर्षं डोक्यात होती ती बरी होती," कर्णिकबाई म्हणाल्या. "डोक्यात पार्किंग लागत नाही. आता सोसायटीत दोन जागांचे पैसे भरलेत. फंडाचे पैसे यात, आणि माझा फ्रिज चौदा वर्षांचा."

साहेबांनी ऐकलं नाही. ऐकायची सवय गेलेली असणार.

बाई उजव्या बाजूला आल्या आणि थांबल्या. "इकडे फुलं संपली का?"

बाळा लगेच पुढे आला. "मॅडम, आजकाल अशीच फॅशन आहे. एक साइड भरलेली, एक साइड मोकळी. फोटोत मस्त येतं."

"आमच्याकडे अर्धवट म्हणतात त्याला," बाई म्हणाल्या.

मी नारळाच्या शेंड्या नीट करत बसले.

साहेब हसत हसत माझ्याकडे आले. "मावशी, मोकळी राहू दे, पण ड्रायव्हरच्या दारावर एक गुच्छ हवा. मी तिथे बसणार, फोटो काढायचाय."

गाडी अमेरिकन असली तरी स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे होतं, म्हणजे ड्रायव्हरचं दार उजवीकडचं पुढचं. मी हँडलखाली गुच्छ लावला आणि हात काढला. पडला. साहेबांनी वाकून उचलला, स्वतः लावला, पडला. त्यांनी डावीकडच्या दारावरचा एक बसलेला गुच्छ ओढून काढला आणि आणून इकडे लावला. तोही पडला.

"मावशी, हा इथे का टिकत नाही?"

पल्लवी खोकली. बाळा माझ्याकडे असा बघत होता की अकराच्या अकरा गाड्या त्याच्या डोळ्यांत दिसत होत्या. साहेबांच्या कुर्त्याच्या खिशातून चेकचं टोक बाहेर आलं होतं.

आता विचारलंच होतं. विचारल्यावर खोटं सांगायला पटकन सुचावं लागतं. मला पटकन सुचत नाही.

"मॅग्नेट लोखंडाला धरतो, साहेब. इथे लोखंड नाही. पुट्टी आहे."

"मावशी," बाळा म्हणाला.

"मला विचारलं त्यांनी, बाळा. तुला विचारलं असतं तर तू सांगायचं होतंस."

"साहेब, तो भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे," बाळा म्हणाला. "तेव्हा कंपनी हलकं ठेवायला काही काही पार्ट तसे करायची."

"फक्त ड्रायव्हरला हलकं?" कर्णिकबाईंनी विचारलं.

त्यांनी ताट पल्लवीच्या हातात दिलं आणि बोटातल्या अंगठीने डावं दार वाजवलं. टण्ण. इकडे येऊन उजवं दार वाजवलं. धप्प.

मी कोकणातली. फणस कच्चा की पिकलेला, ते वाजवून बघत मोठी झाले. "पिकलाय," मी म्हटलं. बाई पहिल्यांदा हसल्या.

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून एक मॅग्नेट मागून घेतला, फुलं काढलेला. रेशमी कुर्त्यावर गुडघे टेकले आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. वीत-वीत पुढे सरकत होते. लावायचे, सोडायचे, पडला की उचलायचे. ऑफिसात फायली अशाच तपासत असणार. मुहूर्त टळला. बाळा तीनदा म्हणाला, "साहेब, चहा घेऊ या." तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "थांबा."

मागच्या चाकाजवळ, दाराखाली जी आडवी पट्टी असते, तिथे त्यांनी अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून पुट्टीचा ढेकूळ खाली पडला. पेढ्याएवढा. साहेबांनी तो उचलून तळहातावर धरला आणि बाळाला दाखवला.

"हे पण अ‍ॅल्युमिनियम का?"

साहेब उठले, चेक नीट घडी करून आतल्या खिशात ठेवला आणि गाडीच्या छपरावर एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "चल." बाई ताट परत घ्यायलाही थांबल्या नाहीत.

ते गेल्यावर बाळा म्हणाला, "मावशी, तुझं माझं संपलं."

"सजावटीचे पैसे?"

"कसली सजावट? अर्धी गाडी रिकामी होती."

त्यातही त्याचं चुकलं नव्हतं. मी गुच्छ काढून डब्यात भरले, आणि त्याच फुलांनी परतीच्या वाटेवर सात रिक्षा सजवल्या. नारळ घरी आणला. संध्याकाळी सोलकढी केली. पल्लवी चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आई, त्यांनी विचारलं तेव्हा तुम्हाला बहिरं होता आलं नाही?" मी म्हटलं, पुढच्या वेळी बघते.

तुळशीच्या लग्नानंतर खरोखरच त्याचा एकही फोन आला नाही. तो सीझन आम्ही हार विकून काढला, आणि ते सोपं गेलं नाही. पल्लवी बरोबर होती, हे मी तिला सांगितलंही.

जानेवारी संपत आला तेव्हा बाळा स्कूटर घेऊन दुकानासमोर उभा राहिला. हेल्मेट काढलं नाही. हेल्मेटमधूनच म्हणाला, "मावशी, कुर्ल्याला चल. एक जुनी गाडी बघायचीय. मला घ्यायचीय, लग्नाच्या भाड्यासाठी."

"फुलं किती आणू?"

"फुलं नकोत. ते मॅग्नेट घे फक्त."

मी आधी दसऱ्याच्या सजावटीचे पैसे मागितले, अर्धे नाहीत, पूर्ण. त्याने दिले. मग गाडी बघायचे वेगळे सांगितले. तेही दिले. कुर्ल्याची गाडी दोन्ही बाजूंनी पुट्टी निघाली. बाळाने त्या माणसाला प्रामाणिकपणावर जे भाषण दिलं, ते मी शांतपणे ऐकून घेतलं.

परत येताना त्याने कर्णिक साहेबांचं सांगितलं. दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी ते स्वतःच गॅरेजवर आले. म्हणाले, गाडी हीच घेईन, पण उजवी बाजू खरवडून काढा आणि माझ्यासमोर नवा पत्रा जोडा. तेव्हापासून दर शनिवारी डबा घेऊन येतात आणि स्टुलावर बसतात. डेंटरने हातोडी खाली ठेवली की विचारतात, काय झालं. बाळा म्हणाला, "मावशी, दोन डेंटर पळाले. तिसऱ्याला मी आधीच कल्पना दिलीय."

पाडव्याला गाडी दिली. सजवायला मलाच बोलावलं. साहेबांनी स्वतः एकेक गुच्छ माझ्या हातात दिला. उजवं मडगार्ड, टक्. ड्रायव्हरचं दार, टक्. मागच्या पराला लावला आणि तो सावकाश घसरत खाली आला.

सगळे थांबले. बाळाने डोळे मिटले. कर्णिकबाईंनी अंगठीचा हात वर केला.

साहेबांनी गुच्छ उचलला. एकदा पराकडे बघितलं, एकदा बायकोकडे. मग मला हळूच म्हणाले, "मावशी, टेप आहे का?"

होता. पेंट आता पक्का झाला होता, टेपने काही बिघडलं नसतं. मी चिकटवून दिला. साहेब गाडीत बसले, बाईंना बसवलं, चार लिंबं चिरडून गाडी गेटबाहेर काढली आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत हॉर्न वाजवत होते. फ्रिजही आला म्हणे त्याच महिन्यात. ती बाईंची अट होती.

आता महिन्यातून एखादा माणूस फुलं न मागता मॅग्नेट मागायला येतो. मी भाड्याने देते. वर एक गोष्ट फुकट सांगते: विकणारा जिथे हात लावू नका म्हणतो, तिथे आधी हात लावा.