नईमाभाभीने खोदलेला चर

नईमाचं बालपण कलमांच्या वाफ्यांत गेलं. वरूडच्या पुढे तिचे वडील अब्दुल गफ्फार यांची संत्र्याची रोपवाटिका होती. जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं काम ती दहाव्या वर्षापासून करायची, आणि हात असा सफाईदार की गिऱ्हाइकं बघतच राहायची. लग्न होऊन ती मोर्शीजवळच्या गावात आली. सासरी चार एकरांत सव्वाचारशे संत्र्याची झाडं होती, पण त्या झाडांबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. घर तिच्याकडे आणि बगीचा नवऱ्याकडे, अशी वीस वर्षं गेली.

मग बगीचा पिवळा पडायला लागला. पानं गळायची, फांद्या शेंड्याकडून वाळत यायच्या, खोडांतून डिंक वाहायचा. नवरा शाकीब दुकानातून औषधं आणून फवारायचा; झाडं महिनाभर बरी दिसायची आणि पुन्हा माना टाकायची. खालच्या अंगाला धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून देवीदासभाऊंचा बगीचा होता. त्यांनी तर अर्धी झाडं उपटूनच टाकली होती.

"सोमवारी जेसीबी येऊन राहिला," एप्रिलमध्ये एका दुपारी शाकीब जेवताना म्हणाला. "सगळा बगीचा काढून टाकतो. सोयाबीन पेरू."

नईमाच्या हातातली पोळी तशीच राहिली. ऊन उतरल्यावर तिने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि सरळ बगीच्यात गेली.

एका आजारी झाडाखाली तिने हातभर खोदलं. आंबूस, कुबट वास आला. बोटभर जाडीचं मूळ तिने चिमटीत धरून ओढलं, तर साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. मग ती खोडाजवळ बसली आणि कलमाचा जोड शोधू लागली. जोड दिसेना. माती उकरत गेली तेव्हा दीड वीत खाली तो सापडला, ओला, काळा पडलेला, डिंकाने माखलेला.

तिला रडू आलं नाही, संताप आला. जोड मातीपासून वीतभर वर राहिला पाहिजे, हे तिचे अब्बा प्रत्येक रोप विकताना सांगायचे. इथे ट्रॅक्टरच्या वखरपाळ्यांनी वर्षानुवर्षं माती खोडाला चढत गेली होती, आणि पाणीही पाटाने थेट खोडाशी तुंबत होतं.

शाकीबला तिने तिथंच बोलावलं आणि ते मूळ त्याच्या तळहातावर ठेवलं.

"तुमी पानायले औषध देऊन राहिले, अन् झाड मरून राहिलं खालून. पाहा."

शाकीबने मूळ चोळून पाहिलं. "तू आधी काहून नाई बोलली?"

"मले विचारलं कोणी?"

सोमवारी जेसीबी आला नाही.

शाकीबने मुळं आणि माती पिशवीत भरून कृषी सहायक गजेंद्र यांच्याकडे नेली. प्रयोगशाळेचा अहवाल आला: मुळं कुजवणारी बुरशी. पाणी साचलं की ती पोहत पोहत दुसऱ्या मुळापर्यंत जाते, असं गजेंद्र यांनी समजावलं. मुळांशी ओतायचं औषध त्यांनी लिहून दिलं, पण हेही बजावलं की पाणी हललं नाही तर औषधाचा काही उपयोग नाही.

सगळा मे महिना नवरा-बायको बगीच्यात राबली. एकेक खोड मोकळं केलं. पार वाळलेली एकेचाळीस झाडं मुळांसकट काढून जाळली आणि खड्डे उन्हात उघडे ठेवले. नईमा धारदार चाकूने डिंकाची कुजकी साल खरवडायची, हिरवी साल लागली की थांबायची. मोरचूद आणि चुना वेगवेगळा भिजवून, मग एकत्र करून खोडांना लावायचं बोर्डो मलम तीच कालवायची. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायची. पात्यावर तांबूस रंग चढला तर अजून चुना. झाडाभोवती दोन आळी केली. खोडाजवळचं कोरडं ठेवायचं, पाणी फक्त बाहेरच्यात. औषध देऊन झाल्यावर महिन्याने शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला खाणारी बुरशी, मातीत मिसळली.

उरला होता चर. पावसाचं पाणी बगीच्याबाहेर काढायचं तर उतार देवीदासभाऊंच्या बाजूला, आणि नाला त्यांच्या धुऱ्यापलीकडे.

"तुमच्या रोगाचं पाणी माह्या वावरात सोडता काय, भाभी?" देवीदासभाऊ भडकले. "फावडं लावून तर पाहा!"

"वावरात नाई भाऊ, धुऱ्याच्या कडेनं नेतो. आता तरी कुठं जाते ते? पाऊस आला की तुमच्याच झाडायखाली बसते."

"बाईमाणसानं आता आमाले बगीचा शिकवावा!"

त्यांच्याच बगीच्यातलं, अजून हिरवं दिसणारं एक झाड नईमाने बोटाने दाखवलं. "हे खोदा. मुळं पांढरी निघाली तर मी चराचं नाव काढणार नाई."

देवीदासभाऊंनी तावातावाने कुदळ मारली. मूळ वर आलं आणि साल त्यांच्या बोटांना चिकटून राहिली. त्यांनी ती नाकाशी नेली, आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः फावडं घेऊन धुऱ्यावर हजर होते. तीन हात खोल चर दोन्ही घरांनी मिळून नाल्यापर्यंत नेला. गावातले लोक येता-जाता हसायचे. विहिरीचं पाणी पुरत नाही आणि हे पाणी बाहेर काढून राहिले!

ऑगस्टमध्ये झड लागली. चार दिवस आभाळ उघडलं नाही. चौथ्या दिवशी नईमा डोक्यावर पोतं घेऊन बगीच्यात गेली. चर दोन्ही काठ भरून धावत होता, गढूळ पाणी उड्या मारत नाल्यात पडत होतं, आणि खोडांभोवती एक थेंबही साचलेला नव्हता. देवीदासभाऊ पलीकडे भिजत उभे होते. "भाभी, पळून राहिलं ना वो पाणी!" ते ओरडले, आणि दोघंही हसायला लागली.

ऑक्टोबरात तिने पुन्हा माती उकरली. बारीक, पांढरीशुभ्र तंतुमुळं जाळीसारखी पसरलेली होती. ती मुळं तिने उपटली नाहीत. हलकेच माती लोटून झाकली, आणि बांधावर बसून पोटभर रडली.

पहिल्या फुलोऱ्याचा बहार तिने हट्टाने धरला नाही. झाडं अशक्त आहेत, त्यांना आधी अंग धरू द्या, म्हणाली. दुसऱ्या वर्षी जानेवारीत आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोरासोबतचा फुलोरा, फुटला तो असा की सगळ्या शिवारात फुलांचा वास. त्याच वर्षअखेरीस वरूडचा व्यापारी माल बघायला आला. इथल्या फांद्या वाळून चालल्यात, असं त्याने ऐकलं होतं; इथे तर बांबूचे टेकू दिल्याशिवाय फांद्या पेलत नव्हत्या. एक संत्रं सोलून त्याने तोंडात टाकलं आणि शाकीबला विचारलं, "कोणाच्या सल्ल्यानं केलं हे?"

"हिच्या," शाकीब म्हणाला. "बोलणं बी हिच्याशीच करा."

एकेचाळीस गेली, नंतर आणखी नऊ गेली. पावणेचारशे झाडं उभी राहिली. तोडणीच्या दिवशी बगीच्यात उत्सवासारखी गर्दी होती. चरावर हसलेले लोक आपापल्या बगीच्यातली मुळं प्लास्टिकच्या पिशव्यांत घेऊन आले होते. नईमा एकेक पिशवी उघडायची, वास घ्यायची, सांगायची: हे वाचते, हे नाई वाचत. कोणी कुदळ घेऊन आत यायला लागलं की तिचा आवाज चढायचा.

"आधी फावडे-कुदळी धुवा! जोडे बी धुवा! रोग पायानं चालत येते!"

आणि गावातली मोठमोठी माणसं, फेटेवाली, मोटारसायकलवाली, मुकाट्याने हौदावर रांग लावून जोडे धूत होती.