जर्सीवरचे चार आकडे

फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, सव्वीस वर्षं काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि ठाण्यात कोपरीला राहायला आलो. स्वस्थ बसणं मला जमत नाही. त्यात गेल्या वर्षी कल्याणच्या काकीने कामाला लावलं. तिचे यजमान, माझे थोरले काका, म्हणजे अण्णा, एकाहत्तरच्या युद्धात पायदळात होते. तिथेच गेले. घरी तार आली तेव्हा काकी बावीस वर्षांची होती.

"अरे, तू फौजेतला ना? शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं, एवढं शोध. नाहीतर माझा जीव सुटायचा नाही."

चार महिने पत्रं लिहिली, फोन केले. उत्तरं छापील. अखेर माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात कळलं की अण्णांच्या कंपनीचा रेडिओ ऑपरेटर खडवलीला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी त्याच्या ओटीवर हजर.

नाईक म्हणून निवृत्त झालेला. वय ऐंशीला टेकलेलं, आवाज खणखणीत. अण्णांचं नाव ऐकून त्याने उलट मलाच विचारलं.

"हवालदार, घरी श्राद्ध कधी करता?"

"तारेतल्या तारखेच्या तिथीला."

"चुकतंय. त्या पहाटे गेला तो भैरू, आमच्या कंपनीतला पोरगा. जर्सी तुमच्या काकाची होती."

फौजेत प्रत्येक कपड्यावर जवानाच्या नंबराचे शेवटचे चार आकडे असतात. भैरू थंडीने कुडकुडत होता म्हणून अण्णांनी आपली जर्सी त्याला दिली. पहाटे पाचला हल्ला झाला. चेहरा ओळखू येत नव्हता, गळ्यातली ओळखपट्टी गायब. आकड्यांवरून अण्णांचं नाव वर गेलं. अण्णांचं सेक्शन तेव्हा पुढे अडकलं होतं. तिसऱ्या दिवशी ते चालत परत आले.

"हसत होता. म्हणाला, मी मेलो काय रे? घरी तार जाईल, आधी दुरुस्ती पाठव. मी मेसेज लिहिला, वर 'रूटीन' टाकलं. सेटवर सारखे तोफखान्याचे मेसेज. रूटीनचा नंबरच लागेना."

"किती दिवस?"

"पाच. पाचव्या दिवशी सुरुंगावर पाय पडला त्याचा. डोकं माझ्या मांडीवर होतं. विचारलं, दुरुस्ती गेली? मी म्हटलं, गेली. नंतर वाटलं, तार आता खरीच झाली. कागद फाडला."

म्हाताऱ्याची कॉलर धरावीशी वाटली. उठलो, अंगणात फेऱ्या मारल्या. युद्ध चालू असताना घरगुती मजकुरावर मीही रूटीन, म्हणजे सगळ्यात खालचा अग्रक्रमच, टाकला असता. ते कळत होतं म्हणून जास्तच चिडलो.

तार घरी हल्ल्यापासून पाचव्या दिवशी पोचली होती; अण्णा गेले ते त्यानंतर, आठवडा उलटल्यावर. म्हणजे काकीने बांगड्या फोडल्या तेव्हा अण्णा जिवंत होते. आठ दिवस मी कल्याणला फिरकलो नाही. तिचे फोनही टाळले. नवव्या दिवशी गेलो आणि सगळं सांगितलं, वेळांसकट.

"तार आली तेव्हा हे होते?"

"होते."

काकी रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"त्यांना वाटलं, मला खरं कळलंय," ती म्हणाली. "निदान ते तरी निर्धास्त गेले. आणि त्या भैरूचं कोण होतं?"

"आई. तिला आधी बेपत्ता कळवलं, मग मृत. तारीख कुणी दिलीच नाही."

"मग ती तिथी त्याचीच राहू दे. ह्यांचं आठवड्याने वेगळं करू."

यंदा त्या तिथीला पहिलं पान भैरूचं वाढलं.

"वय काय होतं रे त्याचं?"

"एकोणीस."

काकीने पानात आणखी दोन वडे ठेवले.